तमासगीर म्हणजे बघणारा की करणारा?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त मधले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' कमी केलेत.)



आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे झालाय. येरमाळ्याहून आली होती. तेच येरमाळा, येडेश्वरीचं. धाराशिव जिल्हा, कळंब तालुका, सोलापूर-धुळे हायवेवर. नोट पाठवणारा अकरावीत आहे. तो म्हणतो, "दादा, शेजारच्या गावच्या जत्रेला फड आला होता. आजोबा म्हणाले, तमासगीर आले. तर माझी ताई त्यांच्यावर ओरडली. म्हणाली, असं म्हणू नये, कलाकार म्हणा. आजोबा म्हणाले, आम्ही जल्मभर तमासगीरच म्हणलो, ते बी सोताला तेच म्हणत्यात. आता बरोबर कोण?"

प्रश्न दोन ओळींचा, पण त्याचं उत्तर शोधायला मला दोन आठवडे लागले. कारण या एका शब्दात अरबस्तान आहे, इराण आहे, पेशवाई आहे, जात आहे आणि सरकारचा फॉर्मसुद्धा आहे. चला.

तेहरानमध्ये तमाशा करा

आधी 'तमाशा' हा शब्द घेऊ. आपल्याकडे आई रस्त्यात हट्ट करणाऱ्या पोराला म्हणते, "तमाशा करू नको." आता समजा तुम्ही इराणमध्ये गेलात आणि तिथं कोणी तुम्हाला फारसीत 'तमाशा कर' म्हणालं, तर घाबरू नका. तो म्हणतोय, "बघ." फारसीत 'तमाशा करणं' म्हणजे पाहणं. टीव्ही बघायचा असेल तरी हेच क्रियापद. शब्द तोच, पण तिकडे तो बघणाऱ्याचा आहे आणि इकडे करणाऱ्याचा झालाय.

त्याच्याही मागे जाऊ. शब्द मूळ अरबी. म-श-य या अक्षरांच्या मुळातला, आणि त्या मुळाचा अर्थ चालणं. एकमेकांसोबत चालणं, फेरफटका मारणं, असा तो शब्द फारसीत आला. फिरायला गेलं की माणूस इकडंतिकडं बघतो, म्हणून फिरण्याचं झालं बघणं. मग जे बघण्यासारखं आहे तेच तमाशा झालं. जत्रेला आपण काय करतो? चालतो, बघतो, थांबतो. म्हणजे या शब्दाचा सगळा प्रवास एका जत्रेच्या संध्याकाळीच होऊन जातो.

आता त्याला 'गीर' लावा. फारसीत गीर म्हणजे धरणारा, घेणारा. जहांगीर म्हणजे जग घेणारा. दस्तगीर म्हणजे हात धरणारा; हे नाव आपल्या भागात तुमच्या वर्गात कुणाचं तरी असेलच. त्या हिशोबानं तमाशा 'घेणारा' कोण? जो डोळ्यांनी घेतो तो, म्हणजे प्रेक्षक. हिंदी-उर्दूत आजही तमाशबीन, तमाशाई, तमाशगीर म्हणजे बघ्या. मराठीत मात्र हाच शब्द स्टेजवर चढला. आपल्याकडे तमासगीर म्हणजे जो नाचतो, गातो, सोंग काढतो, हसवतो, आणि पहाटे चारला ट्रकमध्ये पेट्या चढवून पुढच्या गावाला जातो.

हे कसं झालं याचा माझा अंदाज साधा आहे. फारसी शब्द आपल्याकडे दरबारातून, लष्करातून आले. छावणीतल्या शिपायांना करमणूक लागायची. बघणारे हुजूर आणि करणारे गावचे. 'तमाशा' हा शब्द खेळाचं नाव म्हणून रुजला आणि मग खेळ करणाऱ्याला त्याच खेळाच्या नावावरून हाक पडली. ज्यांनी तो शब्द आणला ते बघून निघून गेले. शब्द करणाऱ्यांकडे राहिला.

फडात 'ॲक्टर' कोणालाच म्हणत नाहीत

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट ही आहे. ढोलकी फडात शिरा आणि विचारा, "इथं अभिनेता कोण?" लोक तुमच्याकडे बघतील. तिथं प्रत्येकाला त्याच्या कामाचं नाव असतं. हसवणारा तो सोंगाड्या. गवळणीत कृष्णाला अडवणारी, गवळणींच्या पुढं चालणारी, खणखणीत आवाजाची ती मावशी, आणि मावशी बहुतेक वेळा पुरुषच असतो. कृष्णाचा सवंगडी पेंद्या. मागे उभं राहून गाण्याची ओळ झेलणारे झीलकरी. ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुण्यावाला. आणि बायकी हावभाव करणारा नाच्या.

खेळाचा क्रमही ठरलेला. आधी गण, म्हणजे गणपतीला नमन. मग गवळण. मग बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. वग म्हणजे नाटकासारखी सलग गोष्ट. उमा बाबू सावळजकर यांचा 'मोहना बटाव' हा पहिला वग मानतात आणि त्याचं साल १८६५ सांगतात. त्याआधी पेशवाईच्या काळात राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर ही मंडळी होऊन गेली. त्यांना आपण शाहीर म्हणतो. शाहीरही अरबीतलाच, 'शायर'चा भाऊ. लिहितो तो शाहीर, करतो तो तमासगीर. गंमत म्हणजे शाहिराला मान कायम मिळाला. पाठ्यपुस्तकात 'शाहीर' असतो. 'तमासगीर' हा धडा मी तरी शाळेत वाचला नाही.

आणि बरं का, फडाचा तमाशा वेगळा आणि संगीत बारी वेगळी. फड फिरतो, तंबू ठोकतो, वग करतो. संगीत बारी एका थिएटरात राहते, आणि तिथं बायकांच्या पार्ट्या आळीपाळीनं, म्हणजे बारीबारीनं, गातात-नाचतात. आपल्या येरमाळा-चोराखळीच्या हायवेला जी लोकनाट्य कला केंद्रांची पाटी दिसते, ती दुसऱ्या प्रकारातली. बाहेरच्या माणसाला दोन्ही सारखंच वाटतं आणि तो दोघांनाही एकच शब्द मारतो. 'मारतो' हा शब्द मी मुद्दाम वापरलाय.

नट: अडीच हजार वर्षं जुनी हाक

आता म्हणाल, मग शुद्ध मराठी शब्द 'नट' आहे ना, तोच वापरू. त्यात तर काही घाण नाही?

आहे. थोडी नाही, बरीच आहे.

'नट' हा शब्द संस्कृतातला. नाचणं या अर्थाच्या 'नृत्'चंच बोलीत घासून गुळगुळीत झालेलं रूप म्हणजे 'नट्', असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे हा शब्द पंडितांनी नाही, बोलणाऱ्यांनी घडवला. पाणिनीच्या व्याकरणात 'नटसूत्रां'चा उल्लेख आहे. शिलाली आणि कृशाश्व अशा दोन आचार्यांची ती सूत्रं. विचार करा, साधारण चोवीसशे वर्षांपूर्वी नटांसाठी लिहिलेली मॅन्युअल्स होती. आज ती सापडत नाहीत. फक्त नाव उरलंय.

पण त्याच संस्कृतात 'अमरकोश' उघडा. नटाचे समानार्थी शब्द दिलेत: शैलूष, शैलालिन, कृशाश्विन, भरत. आणि त्याच रांगेत एक शब्द आहे, जायाजीव. जाया म्हणजे बायको. बायकोवर जगणारा. हा शब्द तिथं शिवी म्हणून दिलेला नाही. डिक्शनरीत, 'नट' या अर्थाचा, नेहमीचा शब्द म्हणून दिलाय. शिवी इतकी रुळली की तिचं कोशात बस्तान बसलं.

भरताच्या नाट्यशास्त्राच्या शेवटी तर गोष्टच आहे. भरताच्या पोरांनी, म्हणजे पहिल्या नटांनी, ऋषींची नक्कल करून टिंगल केली. ऋषी चिडले आणि शाप दिला की तुमचं ब्राह्मणपण जाईल, तुम्ही शूद्र व्हाल. ज्या ग्रंथाला आपण पाचवा वेद म्हणून मिरवतो, त्याच ग्रंथात नटाला खाली का ढकललं याचं कारणही लिहून ठेवलंय. नक्कल केली म्हणून. सत्तेची टिंगल केली म्हणून. आजच्या स्टँडअप कॉमेडीवाल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

आणि 'नट' हे नुसतं कामाचं नाव राहिलं नाही. उत्तर भारतात नट ही एक जमात आहे, दोरीवर चालणारी, कसरती करणारी. आपल्याकडे तशी कामं डोंबारी, कोल्हाटी समाजानं केली. काम ते नाव, नाव ती जात, आणि जात झाली की दारं बंद. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' वाचलं नसेल तर वाचा. छोटं पुस्तक आहे, पण एका बैठकीत वाचवत नाही.

बाहेर तरी काय वेगळं होतं? ग्रीक भाषेत नटाला 'हिपोक्रितेस' म्हणायचे. त्याचंच इंग्रजीत 'हिपोक्रिट' झालं, ढोंगी. आपल्या बोलण्यातही बघा: नाटकं करू नको. तमाशा लावलाय नुसता. सोंग घेतंय. बहुरूपी आहे तो. नटाच्या धंद्याचा एकेक शब्द आपण रोजच्या भांडणात वापरून घेतलाय. सुटला तो एकच, 'नटणं'. सणाला नटायचं, नटूनथटून निघायचं, ते चालतं. स्वतः नटलेलं चालतं, दुसऱ्याला नट म्हटलं की वास येतो.

येडाईनं घेतलेलं सोंग

थांबा, इथं येरमाळ्याला परत यावं लागेल, कारण इथली गोष्ट या सगळ्याच्या उलट बाजूची आहे.

येडेश्वरीची कथा तुम्हाला ठाऊक असेल, पण पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगतो. सीतेला शोधत राम बालाघाटात आला. पार्वतीनं त्याची परीक्षा घ्यायची ठरवली आणि सीतेचं रूप घेऊन समोर उभी राहिली. रामानं ओळखलं आणि म्हणाला, आई, तू वेडी आहेस का? त्या वेडीवरून येडाई, येडेश्वरी. तुळजापूरकडं हीच गोष्ट 'तू का आई' अशी सांगतात आणि त्यावरून तुकाई म्हणतात. लोककथा आहे, ती तशीच ऐकायची. पण बघा, या देवीचं नावच तिनं घेतलेल्या सोंगावरून पडलंय! देवी एक पार्ट करायला उभी राहिली, समोरच्यानं ओळखलं, आणि लोकांनी त्या फसलेल्या सोंगाचं देऊळ बांधलं. चैत्र पौर्णिमेला लाखभर पावलं त्याच डोंगराकडं निघतात, दुसऱ्या दिवशी पालखी आमराईत जाते आणि माणसं चुनखडीचे खडे वेचतात.

त्या गर्दीत आराधी असतात, गोंधळी असतात, पोतराज असतात. संबळ, तुणतुणं, दिवटी घेऊन गोंधळी आख्यान लावतो. एकच माणूस राजाही होतो, राणीही होते, घोडाही होतो. नाट्यशाळेत शिकवतात तो सगळा अभिनय तिथं असतो. पण गोंधळ्याला कोणी नट म्हणत नाही. ते जागर, ती सेवा. तेच अंग, तोच आवाज, तीच हलगी. देवीपुढं झाली तर सेवा आणि तंबूत तिकीट लावून झाली तर तमाशा.

या अभिनयाला आपल्या भाषेत एक फार सुंदर जुना शब्द आहे, संपादणी. सोंग 'संपादणं' म्हणजे ते नीट निभावून नेणं. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात हा शब्द आलाय. ज्ञानेश्वर दृष्टान्त कोणाचा देतात? बहुरूप्याचा. तो राजा होतो, राणी होतो, मनात ना पुरुषपण ना बाईपण, पण लोकांसाठीची संपादणी मात्र चोख करतो. ज्ञानी माणसानं संसारात असंच वागावं, असा त्याचा रोख. सन १२९०. अमरकोशात ज्याला जायाजीव म्हटलं, त्यालाच इथं ज्ञान्यासमोर नमुना म्हणून उभं केलंय. तुकोबांनीही नट, नाट्य, सोंग, संपादणी हे शब्द याच सुरात वापरलेत. 'ॲक्टिंग'ला मराठी शब्द शोधताना आपल्याला 'अभिनय' सोडून काही सुचत नाही. हा सातशेहून जास्त वर्षं पडून आहे.

नाटकवाले वर, तमाशावाले खाली

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' केलं. १८८० मध्ये किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं. सुरुवातीला नाटकवाल्यांनाही घर भाड्यानं मिळत नव्हतं, 'नाटक्या' ही शिवीच होती. पण हळूहळू शिकलेली मंडळी नाटकात आली आणि शब्द धुवून निघाला. नटवर्य, नटश्रेष्ठ. १९७० मध्ये शिरवाडकरांचं 'नटसम्राट' आलं, श्रीराम लागू उभे राहिले, आणि 'नट' शब्दाला मुकुटच बसला.

पण फक्त पुरुषाच्या. 'नटी' म्हणून बघा. संस्कृत नाटकात नटी ही सूत्रधाराची बायको, मानाची. मराठीत मात्र 'नटी' म्हटलं की तोंड वाकडं करूनच म्हणतात. म्हणून मग 'अभिनेत्री' आणावी लागली. कलावंताचंही तेच. कलावंत म्हणजे मोठा माणूस, आणि कलावंतीण म्हणजे? आवाज खाली येतो ना? गोव्यात तर 'कलावंत' हे देवळाशी जोडलेल्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांच्या घराण्यांचं नाव होतं. त्या समाजानं पुढं गोमंतक मराठा समाज हे नाव घेतलं. नाव बदलण्यामागं केवढं ओझं असतं ते असं दिसतं.

आणि तमासगीर? तो धुतला गेला नाही. कारण फडात होते मांग, महार, कोल्हाटी समाजाचे लोक. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी नावाचा ब्राह्मण पोरगा फडात गेला, पठ्ठे बापूराव झाला, पवळा हिवरगावकर त्याच्यासोबत उभी राहिली, मुंबई त्यांच्या मागं वेडी झाली. तरी कुलकर्ण्यांनी तमाशा 'मोठा केला' असं झालं नाही. कुलकर्णीच 'बाटला' असं झालं.

विठाबाईंचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढं जातच नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, जन्म १९३५, पंढरपूर. वडील-चुलत्यांनी फडाच्या नावातच जात लावलेली, पाटीवर, मोठ्या अक्षरात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर. लपवायचं काहीच नाही. बाळंतपण तंबूमागं उरकून पुन्हा बोर्डावर उभी राहिलेली ही बाई. राष्ट्रपतींच्या हातून दोनदा सन्मान झाला. २००२ मध्ये गेल्या तेव्हा हालाखी होती. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावानं तमाशातला जीवनगौरव पुरस्कार देतं.

'नाच्या' या शब्दाचं तर काय सांगावं. कोल्हापूरचे गणपत पाटील यांनी मराठी सिनेमात नाच्याची कामं इतकी चोख केली की लोक त्यांना घरीदारी तसंच समजायला लागले. संपादणी चोख झाली, त्याची ही किंमत. 'नटरंग' तुम्ही पाहिलाय, २०१० चा, अतुल कुलकर्णींचा. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा. त्यातला गुणा पैलवान गडी आहे, त्याला राजा व्हायचं असतं आणि वाट्याला नाच्या येतो. गाणी सगळ्यांच्या प्लेलिस्टला आहेत. पुन्हा बघाल तेव्हा गाणी सोडून त्याच्याकडं बघा.

पाटी बदलली

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली, अश्लील म्हणून. मग लिखाण तपासून घ्यायच्या अटीवर ती उठली. त्याच काळात 'लोकनाट्य' हा शब्द पुढं आला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर ही लाल बावट्याची मंडळी तमाशाच्या ठेक्यात गिरणी कामगारांचं बोलत होती, आणि अण्णाभाऊंच्या या खेळांना लोकनाट्य म्हणत. पुढं 'विच्छा माझी पुरी करा' आलं, दादा कोंडके आले, आणि पांढरपेशे लोकही बिनधास्त तिकीट काढून बसले. 'लोकनाट्य' बघायला गेलो म्हणता येत होतं ना!

मला याबद्दल दोन मनं आहेत. नवीन शब्दानं फडाला सरकारदरबारी पाय ठेवायला जागा दिली, हे खरं. पण आतल्या माणसाला वेगळी वागणूक मिळाली का? शब्द बदलून शिट्टी मारणारा बदलत नाही. 'कला केंद्र' हे नाव किती सोज्वळ आहे, आणि हायवेवर ते घेताना लोक कसे हसतात, हे तुम्ही ऐकलंय.

तरी ताईचं म्हणणं मी सोडून देणार नाही, कारण शब्दाला पैसेही जोडलेले असतात. सरकारची ज्येष्ठ कलावंतांना मानधन देणारी योजना आहे, आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं, दरमहा ५ हजार रुपये. तिच्या फॉर्मवर 'कलावंत' लिहिलंय. आयुष्यभर तमासगीर म्हणून जगलेल्या बाईला म्हातारपणी कागदावर आपण कलावंत असल्याचा पुरावा जोडावा लागतो. हँडबिल, फडमालकाची चिठ्ठी, जुना फोटो. पहाटे ट्रकमधून पडलेल्या पेटीत तो फोटो गेला असेल तर काय करायचं?

तर येरमाळ्याच्या पोरा, तुझं उत्तर. आजोबांचा शब्द चूक नाही. तो त्या खेळाचाच शब्द आहे, आणि फडातली बरीच माणसं तो ताठ मानेनं लावतात. पण आजोबा तो कुणाबद्दल, कुणापुढं आणि कुठल्या आवाजात म्हणतात, ते ताईनं ऐकलं असणार, म्हणून ती ओरडली. तिच्या कानाला दाद द्यायला पाहिजे. मी काय करतो ते सांगतो. समोर माणूस असेल तर नावानं हाक मारतो, पुढं बाई, ताई, अण्णा लावतो. आणि कामाबद्दल बोलायचं असेल तर त्याचं खरं काम सांगतो: हे सोंगाड्या आहेत, ह्या गवळण फार चांगली करतात, ते ढोलकीला बसतात. 'कलाकार' म्हणून सगळ्यांना एका पोत्यात घालण्यापेक्षा त्यात मला जास्त ओळख वाटते.

आणि पुढच्या वेळी जत्रेत फडाचा ट्रक दिसला तर त्याच्या अंगावरची अक्षरं पूर्ण वाच. आधी फडमालकाचं नाव, मग गावाचं, आणि शेवटी बहुतेक वेळा चार शब्द असतात: 'यांचे लोकनाट्य तमाशा मंडळ'. दोन्ही शब्द, शेजारी शेजारी. कुठला ठेवायचा आणि कुठला पुसायचा, हे भांडण त्यांनी कधीच मिटवलंय.

दुसरी एक व्हॉइस नोट आलीय, 'सुपारी'बद्दल. नारायणगावात पाडव्याच्या आधी फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची मंडळी येऊन जत्रेची सुपारी देतात. लग्नातही सुपारी फुटते. आणि गुंडालाही सुपारीच देतात. एकाच शब्दानं तीन धंदे कसे धरले, ते पुढच्या भागात.